मुळाचं माप

२८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सोबतच्या पुडक्यात बारा बिया आहेत. खाऊ नका, पेरायच्या आहेत. पेकन म्हणतात ह्याला. अक्रोडाचा लांबट, पातळ सालीचा चुलतभाऊ समज. रोपवाटिकेच्या टोकाला ह्याचं एक जुनं झाड आहे. एकतीस वर्षं तिथे माती उपसली, निघताना साहेब म्हणाले, काय हवं? मी म्हटलं, घड्याळ नको, शाल नको, ह्या झाडाखालच्या बिया वेचू द्या. त्यांना वाटलं बाईचं डोकं फिरलं.

डॉक्टरांनी दादाच्या हातांना काम द्यायला सांगितलंय, असं तू लिहिलं होतंस. मग घे हे काम. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांना दारं बसवली त्या सुतारानं आता खुर्चीत बसून दाराकडे बघत राहायचं म्हणजे काय! माणूस थोडा विसरभोळा झाला म्हणून मोडीत काढायचा नसतो.

बिया पाण्यात टाक. तरंगतील त्या पोकळ, फेकून दे. बुडतील त्या ओल्या वाळूत, डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव, तीन महिने. थंडी भोगल्याशिवाय ही बी जागी होत नाही. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हायला हवा, पण पाणी गळता कामा नये. तोवर दादाकडून खोकी करून घे, चांगली दीड हात खोल, तळाला भोकं असलेली. ह्या झाडाचं मूळ आधी सरळ खाली जातं, कोंब मागाहून सवडीनं वर येतो. खोकं उथळ पडलं तर मूळ आत गोल गोल फिरतं आणि झाड जन्मभर रखडतं.

फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात. लगेच तोंड वाकडं करू नकोस.

तुझी,
माळीणबाई


१४ नोव्हेंबर

प्रिय माळीणबाई,

दोन तरंगल्या, दहा बुडाल्या. दहा फ्रिजमध्ये आहेत. डब्यावर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावली आहे.

खोक्यांचं मात्र तू म्हणालीस तसंच झालं. ह्यांना फळ्या दिल्या आणि तुझा दादा तीन दिवस खुर्चीवर बसलाच नाही. रंधा मारला, खाचा पाडल्या, एकही खिळा न ठोकता दहा खोकी उभी केली. पेट्या बनवणारे कारागीर बघायला आले असते तर त्यांनी तोंडात बोट घातलं असतं. तळाला भोकं पाडायला तेवढे तयार होईनात. म्हणाले, बांधलेल्या वस्तूला मी भोक पाडत नाही. ते आंघोळीला गेले तेव्हा मी गिरमीट घेऊन बसले. साठीला टेकलेली बाई चोरून भोकं पाडतेय, हे शेजारच्या शिंपिणीनं कुंपणावरून बघितलं. दोन दिवस हसत होती.

मी फोन का उचलत नाही, असं तुला वाटत असेल. फोन वाजला की हे दार उघडायला जातात आणि दारात कोणी दिसलं नाही की चिडतात. म्हणून फोन बंद करून कपाटात ठेवलाय. पत्र बरं. ते वाजत नाही.

बाकी ठीक आहे. थकवा आहे, तो काय, वयाचा. दहा वर्षांची कामं मात्र ह्यापुढे मला सुचवू नकोस, मला उद्याचं धड दिसत नाही. एक विचारू? थोडे दिवस येऊन जा ना. महिना नको, आठ दिवस. तुझ्या दादाजवळ बस, मी जरा आडवी होते.

वहिनी


१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तीन महिने भरत आले, बिया काढ. काहींना चीर गेलेली दिसेल, एखादीला पांढरं टोक आलं असेल. ते मूळ, ते खाली ठेव. बोटाच्या दोन पेरांएवढं खोल पेर आणि वरून जाळी लाव, उंदरांना ह्या बीचा वास मैलावरून येतो.

आठ दिवस यायचं मनात होतं, पण इथे नव्या मुली रोपवाटिकेत लागल्यात, कलम बांधायला शिकवायला मलाच बोलावतात. निवृत्त झाले ते नावालाच. उन्हं तापायच्या आत एक चक्कर टाकते.

दादाला सांग, खोकी फार सुंदर झाली असणार. आणि पेरल्यावर उकरून बघायचं नाही. सगळे नवशिके हेच करतात.

तुझी,
माळीणबाई


३० मार्च

प्रिय माळीणबाई,

दहातल्या सात उगवल्या! काडीसारखे लालसर कोंब आहेत, टोकाला दोन-चार पानं. शिंपीण म्हणाली, एवढ्या थाटाच्या खोक्यात हे एवढंसं? मी म्हटलं, बाई गं, सगळा संसार खाली आहे.

त्यातलं एक गेलं. पान मलूल झालं, दुसऱ्या दिवशी मान टाकली. पाणी बरोबर होतं, जाळीही होती. काय झालं असेल?

हे सकाळपासून त्यांच्यापाशीच असतात. चहासुद्धा तिथेच लागतो. बरं चाललंय, काळजी करू नकोस. परवा मी पाय घसरून पडले, फार लागलं नाही, ह्यांना धरून उठवताना मीच खाली गेले. कमरेत उसण भरली आहे. उभं राहिलं की खाली ओढल्यासारखं होतं.

तू कधी येतेस? दिवस सांगितलास तर दिवाणावरची खोळ धुऊन ठेवते.

वहिनी


९ एप्रिल

प्रिय वहिनी,

मान टाकली म्हणजे बुरशी. खोडाशी ओल राहत असणार. मातीवर बोटभर कोरडी वाळू पसर आणि पाणी सकाळीच दे. पानं बारकी आणि चुरगळलेली निघाली तर झिंक कमी पडतंय असं समज, ह्या झाडाला ते फार लागतं. पुडी पाठवते, पाण्यात चिमूटभर घालून पानांवर फवार.

कमरेला शेक घे. आणि ह्याच महिन्यात येतेय, नक्की. दिवस ठरला की कळवते. नाहीतर अशीच येऊन दारात उभी राहीन, दादाची जरा गंमत करू.

तुझी,
माळीणबाई


११ मे

माळीणबाई,

एप्रिल संपला, मेचीही अकरा तारीख झाली. दिवाणावरची खोळ दोनदा धुतली, दोनदा धूळ बसली. नसेल जमत तर तसं लिही ना, मी काय छडी घेऊन बसलेय का?

रोपं चार उरली. वाळू पसरली, सकाळी पाणी दिलं, झिंकही फवारलं. तरी जातात. तू म्हणशील माझ्या हाताला गुण नाही. नसेल. ह्या हातांना दुसरी कामं फार आहेत.

वहिनी


२० मे

प्रिय वहिनी,

रागावू नकोस. गुडघे फार दुखतात, प्रवास झेपत नाही आता. वय माझंही होतंय.

झिंकची मात्रा थोडी वाढवून बघ. दुपारच्या उन्हात खोक्यांवर जुनी चादर बांध. रोपं हलवू नका, एकदा ठेवलेली जागा बदलायची नाही. बाकी काही सुचत नाही.

दादाला नमस्कार.

माळीणबाई


२ जून

प्रिय माळीणबाई,

झिंकची मात्रा वाढवणार नाही. रोपं कशानं मरतात ते मला मार्चपासून माहीत आहे. आज तुला सांगते, कारण लपवायलाही ताकद लागते आणि माझी संपली.

हे रोज सकाळी घडीची फूटपट्टी घेऊन बसतात. एक रोप हलक्या हातानं उपटतात, माती झटकतात, मूळ फळीवर सरळ ठेवून मापतात. मग पेन्सिलीनं खोक्यावर माप लिहितात आणि रोप जागच्या जागी परत लावतात. इतकं बेमालूम की पहिले आठ दिवस माझ्याही लक्षात आलं नाही. मापल्याशिवाय लाकूड कापायचं नाही, हे हातात मुरलंय ना. फक्त मापलं हे त्यांना आठवत नाही. दुपारी पुन्हा मापतात, चहानंतर पुन्हा. एका खोक्यावर एकाच दिवशीचं ‘साडेनऊ’ सहा वेळा लिहिलेलं आहे. फूटपट्टी लपवली तर वितीनं मापतात. मी ओरडले तर खाली मान घालून म्हणतात, “चुकलं बाई. मालकांना सांगू नका.”

बाई म्हणजे मी. गेल्या वर्षापासून मी बाई आहे. संध्याकाळी हे माझ्या हातात पिशवी देतात, म्हणतात, “उशीर झाला, तुमच्या घरचे काळजीत असतील. उद्या या.” आणि दार लावून घेतात. मी घराला वळसा घालून मागच्या दारानं आत येते आणि दिवा लावते. आधी रडायचे. आता वळसा घालताना वाळलेले कपडे काढून आणते, तेवढंच एक काम उरकतं.

तुला ‘थोडे विसरभोळे’ एवढंच लिहीत आले. वाटलं, एक तरी जागा असावी जिथे ते धडधाकट आहेत. तुझ्या मनात ते दारं बसवत होते, ते मला बरं वाटायचं.

आता माझं. माझं अंग बाहेर येतं. दोन वर्षं झाली. ह्यांना उचलून, बसवून, न्हाणीघरातून आणून तसं झालं. डॉक्टरीणबाई म्हणतात, गर्भाशय खाली उतरलंय, ऑपरेशन आता टाळायचं नाही, आणि पुढे सहा आठवडे भरली बादलीसुद्धा उचलायची नाही. मला हसू आलं. त्यांना वाटलं मी तयार आहे. तीन ऑगस्ट तारीख दिली आहे. मी आणि हे, घरात तिसरं कोणी नाही, मूलबाळ असतं तर आज त्याला लिहिलं असतं. शिंपीण तासभर बसते, दिवसभर कशी बसेल?

तेव्हा सल्ला नको, पुड्या नकोत. तू ये.

वहिनी


४ जुलै

प्रिय वहिनी,

तुझं पत्र महिनाभर उशाशी आहे. चार वेळा उत्तर लिहिलं, चारही फाडली.

मी आले होते. अठरा एप्रिलला, सकाळी दहाच्या सुमारास. न सांगता यायचं म्हणून आले. तू घरात नव्हतीस, फाटकाला बाहेरून कडी होती. दादा अंगणात बुटक्या स्टुलावर बसला होता, स्वेटर उलटा घातलेला. हातात रोप, आणि मूळ उन्हात उघडं. माझ्या तोंडून आधी तेच निघालं, “अहो, आधी ते मातीत घाला!” भावाला अहो म्हटलं बघ, माळीणच बोलली माझ्यातली.

त्यानं वर बघितलं. म्हणाला, “कोण पाहिजे?”

मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसले. तो उठून फाटकापर्यंत आला, अगदी अदबीनं, आणि म्हणाला, “घरात आत्ता कोणी नाही. बहीण शाळेतून यायची आहे. ती आल्याशिवाय मला दार उघडता येत नाही.”

मी म्हटलं, “घर चुकलं माझं.” आणि वळले. बसस्टँडवर चार तास बसले, मिळाली त्या गाडीनं परत आले. त्याला हवी आहे ती दोन वेण्यांची मुलगी मी कुठून आणू?

आणि एवढं बघूनही मी तुला झिंकच लिहिलं. मला माहीत होतं, वहिनी. मी डोळ्यांनी पाहिलं होतं रोपं कशी जातात ते, तरी मात्रा वाढवायला सांगितली. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण ते कारण नव्हतं.

मी एक शोधून ठेवलं आहे. इथली एक बाई आजाऱ्यांकडे राहायला जाते, अनुभवी आहे, स्वभावानं चांगली. तिला सहा आठवड्यांसाठी पाठवते. माझ्याच्यानं पुन्हा त्या फाटकाशी उभं राहवणार नाही. मला माफ कर.

माळीणबाई


९ जुलै

माळीणबाई,

भांडायचं होतं, पण बसून लिहितानाही दुखतं, तेव्हा थोडक्यात.

तुला एकदा ओळखलं नाही तर तू चार तास बसस्टँडवर बसलीस. मला रोज ओळखत नाहीत. मी कुठल्या स्टँडवर जाऊ? निदान तुझी शाळा सुटायची वेळ तरी त्यांच्या डोक्यात आहे. लग्नाची बत्तीस वर्षं कुठे गेली, ते मी त्यांना विचारायचं सोडलं.

ती बाई नको. परक्या माणसाला हे दार उघडत नाहीत, हे तू स्वतः पाहून आलीस. तूही परकीच ठरशील, पण तुला हाकललं तरी तू मागच्या दारानं येशील. पगारी बाई कशाला येईल?

तीन तारीख आहे. तू आलीस तर मी दवाखान्यात जाईन. नाही आलीस तर जाणार नाही, आणि त्याचं पुढे जे होईल ते होईल. ह्यात धमकी नाही. दुसरा रस्ता असता तर तुझ्या पाया पडले नसते.

रोपं दोन आहेत.

वहिनी


२४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

दवाखान्यातून तू बहिणीकडे गेलीस, तिथल्या पत्त्यावर हे दुसरं पत्र. पहिल्यात नुसतं ‘सगळं छान’ लिहिलं होतं. ते खोटं होतं, आता नीट लिहिते.

तू रिक्षात बसलीस आणि दादानं मला विचारलं, “कोण पाहिजे?” मी म्हटलं, “रोपवाटिकेतून आलेय, झाडं बघायला.” मग घेतलं आत. तेव्हापासून मी झाडांची बाई आहे. पिशवी मलाही मिळते संध्याकाळी. पहिल्या दिवशी वळसा घालताना तुझ्या दोरीपाशी उभी राहून पोटभर रडले. चौथ्या दिवसापासून कपडे काढून आणते.

दुसऱ्या आठवड्यात तो न्हाणीघरात बसला तो उठेना. मी ओढलं, शिंपिणीला हाक मारली, दोघींनी मिळून अर्धा तास लावला. तू हे एकटी दिवसातून चार-चार वेळा करत होतीस आणि मी तुला कमरेला शेक घ्यायला सांगत होते. माझ्या त्या पत्रांना काडी लाव.

मी शहाणपणा करून दोन्ही रोपं शिंपिणीकडे हलवली. त्याला मापायला दुसरं काहीतरी देऊ म्हटलं, काठ्या दिल्या, दोऱ्या दिल्या. छे! दिवसभर अंगणात फिरला, प्रत्येक खोक्यात हात घालून बघितलं, आणि शेवटी मला म्हणाला, “बाई, माझ्याकडून हरवली. मालकाची होती.” चेहरा असा पडला होता की मी पळत जाऊन खोकी परत आणली. त्यातलं एक गुरुवारी गेलं. राहिलं ते एक. एकतीस वर्षं मी रोपाचं मूळ उघडं टाकणाऱ्याला शिव्या घातल्या. आता सकाळी त्याच्या शेजारी बसते, तो रोप धरतो, मी फूटपट्टी धरते. काल मला म्हणाला, “अशी नाही, बाई. मूळ दुखतं. खालून हात द्या.” मी खालून हात दिला. सव्वा तेरा आलं. “लिहा,” म्हणाला. मी लिहिलं. हे रोपही टिकणार नाही, मला ठाऊक आहे. जाऊ दे. अजून मागवता येतात बिया.

गुडघ्यांचं विचारू नकोस. जेवण झालं की मी बसल्या जागी पेंगते. तू एवढी पत्रं लिहायला वेळ कुठून काढलास, देव जाणे.

आता जे लिहायचं टाळतेय ते. तुझी चिठ्ठी परवा मिळाली. तीनच आठवडे झालेत आणि तू येत्या सोमवारी यायचं म्हणतेस. ‘ह्यांना माझ्यावाचून चुकल्यासारखं होत असेल, विचारतात का गं?’ असं लिहिलं आहेस. मी ताबडतोब उत्तर लिहिलं होतं, की हो, रोज विचारतो, ती बाई कुठे गेली म्हणून. पाकीटही चिकटवलं होतं. मग उघडून फाडलं. वर्षभर आपण दोघींनी एकमेकींना बरं वाटेल तेच लिहिलं, आणि तुझी ही अवस्था होईपर्यंत लिहीत राहिलो.

नाही, वहिनी. नाही विचारलं. एकवीस दिवसांत एकदाही नाही. तुझी खुर्ची रिकामी आहे हे त्याला दिसलेलं नाही. मी तुझ्याबद्दल बोलले तर ऐकून घेतो आणि म्हणतो, “चांगली बाई असेल.” जेवतो, झोपतो, मापतो. त्याचं काहीही अडलेलं नाही.

रड हवं तेवढं, टाके सांभाळून. पण सोमवारी येऊ नकोस. सहा आठवडे पुरे कर, वाटलं तर आठ कर. दिवसाढवळ्या झोप, बहिणीला ताट वाढून द्यायला सांग, कोणी हाक मारली तरी उठू नकोस. इथे वाट फक्त मी बघतेय, आणि मला घाई नाही.

तुझी,
माळीणबाई